मागचा मडगार्ड

कार्ब्युरेटरात पेट्रोल आटून चिकटू नये म्हणून
दर शुक्रवारी गाडी सुरू करायची, एवढंच ठरलं होतं.
शंतनू शिकायला गेला हॅलिफॅक्सला,
त्याची सव्वाशेची डर्ट बाइक राहिली
इथे सोहारला, पाण्याच्या टाकीखाली,
सीटवर धूळ आणि मांजरीची तीन पिल्लं.

पिल्लं हलवली. किक मारली.
अकराव्या किकला गाडी खोकली,
बाराव्याला मी.

घरांच्या मागे खडीचं मैदान आहे,
कुणाचं तरी बांधकाम पायापर्यंत येऊन थांबलेलं.
पलीकडे खजुरांची बाग, त्याच्या पलीकडे समुद्र,
तो दिसत नाही, नुसता दमट वास येतो
वाळत न घातलेल्या चादरीसारखा.
कडेला दादमोहम्मदचं पंक्चरचं दुकान.
दोन शुक्रवार तो चहा ढवळत बघत राहिला.
तिसऱ्या शुक्रवारी म्हणाला,
"सिस्टर, सीधा तो सब चलाते हैं."

त्याने सिमेंटचे ब्लॉक मांडले, दर दहा पावलांवर एक.
हँडल ओढू नका, म्हणाला. मागे सरकून बसा.
दुसरा गिअर. क्लच एका बोटात.
आवाज वाढवा, बोट सोडा,
आणि उजवा पाय ब्रेकवरून
मेलात तरी काढू नका.

मी काढला.
चाक वर गेलं, आणखी वर,
आणि गाडी माझ्याखालून निघून गेली,
भरल्या ताटावरून पाहुणी उठावी तशी.
मी खडीवर नीट बसलेली,
मांडी घालायचीच काय ती बाकी.
मागचा मडगार्ड घासला, वाकला.
सत्तेचाळिसाव्या वर्षी माकडहाडाला आंबेहळद.
घरी सांगितलं, लॅबमधलं स्टूल सरकलं.

वेगात चाक उचलणं सोपं असतं,
कॉर्निशवर पोरं रोज उचलतात.
हे हळू आहे. माणूस चालेल तेवढंच.
एकदा बाळाची गाडी ढकलत एक मुलगी गेली,
ती माझ्या पुढे गेली.

वीस वर्षं पिपेट डोळ्यांसमोर धरतेय,
रेघेला टेकलेलं पाणी बघतेय:
एवढंच, बस.
इथली रेघ कमरेत कुठेतरी आहे,
शेंगदाण्याएवढी,
आणि दर शुक्रवारी जागा बदलते.
डावीकडे कलली की उजवा गुडघा बाहेर.
मागे जायला लागली की पाय, जरासाच,
मीठ चिमटीतून सोडावं तेवढा.
ब्रेकच्या भरवशावरच वर राहता येतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे दादमोहम्मदने सांगितलं होतं,
पायाला नव्हतं सांगितलं.

जानेवारीतली सकाळ. हेल्मेटमध्ये अजून शंतनूच्या घामाचा वास.
एक ब्लॉक. दुसरा.
तिसऱ्यापाशी इंजिनाचा आवाज एकसारखा झाला
आणि हातांना वजन लागेना.
झोपाळा पार टोकाला जातो,
कड्या कुरकुरायच्या थांबतात, तो क्षण,
पण एकतारी पाकासारखा लांबत चाललेला.
चौथा ब्लॉक.
मग उजवा पाय,
आणि चाक खाली, बशीत कप ठेवावा तसं.

दादमोहम्मद काही बोलला नाही.
आत गेला आणि पाचवा ब्लॉक घेऊन आला.

शंतनूचा फोन: आई, ती विकून टाक ना, उगाच गंजेल.
जाहिरात त्यानेच दिली, तिकडून.
सहमहून एकजण पिकअप घेऊन आला,
टायर दाबले, चेन बघितली,
मागे येऊन मडगार्डवरून बोट फिरवलं.
"बच्चे ने गिराया?"
नाही, म्हटलं.
मग कुणी, हे त्याने विचारलं नाही.
पाच रियाल कमी, म्हणाला.

मी हँडल त्याच्या हातातून घेतलं,
गाडी परत टाकीखाली लावली.
शंतनूला कळवलं:
गिऱ्हाईक पटलं नाही.